‘त्याला जरा प्रोटीन द्या’ म्हणणाऱ्यांसाठी

बऱ्याच दिवसांनी ब्लॉगवर येतोय. मधल्या काळात लिहायला सवड नव्हती असं नाही, पण डोक्यात एकच विषय होता आणि तो लिहावा की नाही हे ठरत नव्हतं. शेवटी फोनवर तेच ते सांगून घसा बसला म्हणून लिहितोय. अमरावतीच्या मावशीपासून पुण्याच्या चुलतभावांपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच. "काहून रे, पोराच्या अंगावर सूज आहे म्हणतोस, रक्तात प्रोटीन कमी आहे म्हणतोस, मग त्याला जरा प्रोटीन द्या न बाप्पा!" त्यानंतर अंडी, सोयाबीन, सत्तू, टीव्हीवरच्या जाहिरातीतला डबा, आणि एका काकांच्या ओळखीचे वैद्य.

सगळे मायेपोटी विचारतात हे कळतं. पण या प्रश्नात एक छुपा ठपका असतो, आणि तो थेट माझ्या बहिणीवर जाऊन बसतो. म्हणजे ही बाई पोराला धड खाऊ घालत नाही! म्हणून हा लेख. यापुढे फोन आला की मी फक्त लिंक पाठवणार आहे :)

ज्याच्याबद्दल लिहितोय तो माझा भाचा. पंधरा वर्षांचा आहे. नाव लिहायचं नाही या अटीवर त्याने परवानगी दिली आहे. मी डॉक्टर नाही, माझी नोकरी पाटबंधाऱ्यांच्या कामात गेली. पण गेलं वर्षभर त्याच्या फाईली घेऊन धंतोली आणि रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढताना असं लक्षात आलं की हा आजार समजायला पाण्याच्या माणसाला फार त्रास पडू नये.

आधी हृदय. आपल्या हृदयात दोन पंप असतात. उजवा पंप अंगभरातून आलेलं अशुद्ध रक्त फुफ्फुसांकडे ढकलतो, डावा पंप शुद्ध झालेलं रक्त शरीरभर पाठवतो. काही मुलं जन्मतःच एकच कामाचा पंप घेऊन येतात. त्यांच्यासाठी 1968 साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरात फ्रान्सिस फोंतां या सर्जनने एक शस्त्रक्रिया केली आणि 1971 साली ती जगापुढे मांडली. तिची आजची सुधारलेली कल्पना थोडक्यात अशी, की अंगातून येणाऱ्या दोन मोठ्या शिरा पंपाला वळसा घालून सरळ फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांनाच जोडून टाकायच्या. रक्त पंपाशिवाय, मागच्या दाबावर, फुफ्फुसांतून पुढे सरकतं. आणि असलेला एकमेव पंप शरीराकडे रक्त पाठवायला मोकळा होतो. भाच्याचं हे ऑपरेशन तो चार वर्षांचा असताना झालं. निळी बोटं गुलाबी झाली, घरी पेढे वाटले, आणि आम्ही सगळ्यांनी ‘झालं एकदाचं’ म्हटलं.

पण पंपाशिवाय पाणी पुढे जायचं तर मागे पातळी वाढवावी लागते. दुसरा मार्ग नाही. साध्या माणसाच्या मोठ्या शिरांमधला दाब पाराच्या मोजमापात पाच-सहा मिलिमीटरच्या आत असतो. या मुलांचा दहा ते पंधरा, कधी त्याहूनही वर. रोज, चोवीस तास, आयुष्यभर. धरण बांधलं की मागे फुगवटा येणार. फुगवट्यात कुणाची शेतं जातात, एवढाच प्रश्न उरतो. इथे पहिली शेतं जातात यकृताची आणि आतड्याची.

आता रक्ताबरोबरच वाहणारी दुसरी व्यवस्था, जिच्याबद्दल शाळेत दोन ओळी वाचल्या होत्या आणि विसरलो होतो, ती म्हणजे लिम्फ, मराठीत लसीका. रक्तवाहिन्यांतून जे पाणी आणि प्रोटीन बाहेर पाझरतं, ते गोळा करून परत रक्तात आणून सोडणाऱ्या या बारीक नळ्या. पाटाच्या कडेला पाझर चारी खणतात ना, तसंच. मोठ्या माणसात दिवसाला दोन-तीन लिटर लसीका असा फेरा करते आणि त्यातली बहुतेक यकृत व आतड्यांतून येते. मुख्य नळी छातीतून वर चढते आणि डाव्या बाजूला मानेच्या बुडाशी एका मोठ्या शिरेत रिकामी होते. म्हणजे नेमकी त्याच शिरांच्या जाळ्यात, जिथे या मुलांचा दाब वाढलेला आहे.

यातली मेख लक्षात आली का? एकीकडे यकृत तुंबल्यामुळे लसीका जास्त तयार होते, दुसरीकडे ती जिथे सोडायची ते तोंड दाबाखाली. नागपूरकरांना हे समजवायला फार शब्द लागू नयेत. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पुढे तेवढी वाट मिळाली नाही आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत पाणी शिरलं. त्या घरांचे नळ फुटले नव्हते. पुढची वाट अपुरी होती. आतड्यांतल्या लसीकेच्या नळ्या अशाच फुगतात आणि आतल्या बाजूला, अन्न जातं त्या पोकळीत, पाझरू लागतात. त्या पाण्याबरोबर जातं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तात पाणी धरून ठेवणारं मुख्य प्रोटीन. ते कमी झालं की पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही. मग पाय सुजतात, पोट फुगतं, डोळ्यांखाली पिशव्या येतात. अल्ब्युमिनबरोबर रोगाशी लढणारी प्रोटीनं जातात, पांढऱ्या पेशींतले लिम्फोसाइट जातात, चरबी आणि तिच्यात विरघळणारी जीवनसत्त्वं जातात. या आजाराला डॉक्टर ‘प्रोटीन लूझिंग एन्टेरोपथी’ किंवा नुसतं पीएलई म्हणतात. मी घरात ‘आतड्याची गळती’ म्हणतो.

ही गळती नवीन शोध वगैरे नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी 1961 साली ‘लॅन्सेट’मध्ये हृदय कमजोर झालेल्या रुग्णांत आतड्यातून प्रोटीन जातं हे दाखवून दिलं होतं. म्हणजे फोंतांच्या पहिल्या ऑपरेशनच्याही आधी.

म्हणून मावशी, पोराच्या ताटात काय पडतं यापेक्षा ते पुढे कुठे जातं हा प्रश्न मोठा आहे. तो खातो. माझ्यापेक्षा जास्त खातो. यकृत बिचारं अल्ब्युमिन तयारही करतं, जोमाने करतं. पण टाकीचा तळ गळत असेल तर नुसता वरचा नळ मोठा सोडून भागत नाही.

इथे माझं पहिलं मत, आणि ते मी जरा जोर देऊन मांडणार आहे. आपल्याकडे सुजलेलं पोर दिसलं की पहिला शब्द येतो कुपोषण. विदर्भात तर येणारच, मेळघाटचे आकडे वाचत आपण मोठे झालो. आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण जे मूल पोटभर जेवतं आणि तरी सुजतं, त्याची चौकशी आईच्या स्वयंपाकघरात थांबवू नये. लघवीतून प्रोटीन जातंय का ही साधी तपासणी, यकृत ठीक आहे का ही दुसरी. दोन्हीकडे कारण सापडलं नाही तर शौचाची एक तपासणी असते, अल्फा-वन अँटिट्रिप्सिन नावाची. हे प्रोटीन यकृतात तयार होतं, आपल्या जेवणात ते नसतं आणि आतड्यात पचत नाही. म्हणजे ते शौचात जास्त सापडलं, तर रक्तातून आतड्यात गळलंय हे उघड. किती सुंदर युक्ती आहे! पाटबंधाऱ्यात आम्ही गळती शोधायला पाण्यात रंग टाकायचो, इथे शरीराने स्वतःच रंग टाकून ठेवलाय. आमचा नमुना बाहेरगावी पाठवावा लागला आणि उत्तर यायला वेळ लागला. तोवर आम्ही तीन ठिकाणी आहारतज्ज्ञांचे कागद गोळा करून बसलो होतो.

आणि मानेकडे बघावं. हे मला एका वयस्कर डॉक्टरांनी सांगितलं, आणि मला ते फार पटलं. सुजलेल्या माणसाच्या मानेच्या शिरा टच्च फुगलेल्या दिसत असतील तर आजार पोटात नसून छातीत असण्याची शक्यता मोठी.

याचं सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण जन्मजात आजाराचं नाहीच. ते आहे क्षयाचं, म्हणजे टीबीचं. हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते. तिला टीबी झाला की कधीकधी ती जाड, कडक होते, अगदी चुन्याचा थर बसल्यासारखी, आणि हृदय तिच्यात आवळलं जातं. हृदयाला फुलता येत नाही, रक्त मागे तुंबतं, पोटात पाणी होतं, आणि काही जणांना हीच आतड्याची गळती सुरू होते. भारतात हृदय असं आवळलं जाण्याचं मुख्य कारण टीबीच आहे. असे रुग्ण पुष्कळदा ‘लिव्हर खराब’ म्हणून फिरत राहतात, कारण पोट पुढे आलेलं दिसतं आणि हृदयाचा ठोका ऐकायला ठीक वाटतो. दारू न पिणाऱ्यालाही शेजारीपाजारी बेवडा ठरवून मोकळे होतात. वास्तविक या प्रकाराला उपाय आहे. टीबीची औषधं आणि वेळेवर ऑपरेशन करून ती कडक पिशवी सोलून काढणं. वेळेत झालं तर दाब उतरतो आणि गळतीही थांबते, कुठलाही प्रोटीनचा डबा न उघडता. माझ्या मते एवढ्या एका कारणासाठी तरी हा आजार गावोगावच्या डॉक्टरांच्या डोक्यात असायला हवा.

भाच्याचं प्रकरण इतकं सरळ नाही. त्याचा वाढलेला दाब हीच त्याच्या जगण्याची व्यवस्था आहे. ती काढून टाकता येत नाही, थोडी हलकी करता येते.

दवाखान्यात आमची पहिली ओळख झाली ती अल्ब्युमिनच्या बाटलीशी. काचेची छोटीशी बाटली, महाग, शिरेतून हळूहळू चढवायची. दुसऱ्या दिवशी सूज उतरते, चेहरा ओळखीचा दिसू लागतो, घरात आनंदीआनंद. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा जैसे थे. निरोगी शरीरात अल्ब्युमिनचं अर्धं आयुष्य साधारण वीस दिवसांचं, पण ज्याचं आतडं गळतंय त्याच्यात ते एवढं टिकणार कसं? बाटली वाईट नाही, अडल्या वेळी ती लागतेच. पण ती पुराच्या घरातला पाणी उपसणारा पंप आहे. एका ठिकाणी (नाव घेत नाही) आम्हाला चार महिने नुसत्या बाटल्याच मिळाल्या, आणि दाब का वाढला हे कुणी विचारलं नाही. माझा राग आहे तो यावर.

कारण विचारलं तर उत्तरं सापडतात. फुफ्फुसाची एखादी रक्तवाहिनी जोडाजवळ अरुंद झालेली असू शकते. ती कॅथेटरने, फुगा आणि स्टेंट घालून उघडता येते. हृदयाचा ताल बिघडलेला असू शकतो. पेसमेकरने काहींना फरक पडतो. झडप गळत असेल. कधी जोडलेल्या मार्गात मुद्दाम एक छोटं भोक पाडतात, म्हणजे थोडं अशुद्ध रक्त वाट सोडून निसटतं आणि दाब उतरतो. त्याबदल्यात ऑक्सिजन थोडा कमी होतो आणि ओठ जरा निळसर दिसतात. आम्हा पाटबंधारेवाल्यांच्या भाषेत सांडवा. भाच्याच्या कॅथेटर तपासणीत डाव्या बाजूची वाहिनी अरुंद निघाली. स्टेंट बसला. गळती पूर्ण थांबली नाही, पण अल्ब्युमिन 1.9 वरून 2.8 वर आलं. साडेतीनच्या वर असायला हवं. तरी बाटल्यांमधलं अंतर वाढलं.

औषधांचं थोडक्यात सांगतो, नाहीतर लेख फार्मसीचा होईल. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, फुफ्फुसातल्या वाहिन्या सैल करणारं सिल्डेनाफिल (हो, तेच. हसून घ्या आणि पुढे वाचा), आणि आतड्यात काम करणारं ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड. यातलं शेवटचं यकृत मोडून टाकतं म्हणून अंगाला कमी लागतं असं म्हणतात. पण यकृतच तुंबलेलं असेल तर ते पुरतं मोडत नाही, चेहरा गोल होतो, हाडं ठिसूळ होण्याची भीती असते. म्हणून ते सुरू करणारा आणि कमी करणारा डॉक्टर एकच असावा. काहींना हेपॅरिनची इंजेक्शनं देतात. एकच औषध सगळ्यांना लागू पडत नाही. त्यामुळे ‘अमक्याला तमक्याने गुण आला’ हे फोन कृपया नकोत.

आता जेवण, कारण नातेवाइकांना खरा रस तिथेच! प्रोटीन भरपूर हवंच, वजनाच्या दर किलोला दोन ग्रॅम किंवा त्याहून जास्त. त्यामुळे अंडी-डाळ-दही बरोबरच आहे, मावशी, तेवढे गुण तुला. पण तेल-तुपाचं गणित वेगळं. आपण नेहमी खातो ती चरबी आतड्यातून लसीकेच्या नळ्यांतूनच वर जाते. म्हणजे तुंबलेल्या नाल्यात आणखी पाणी. याला पर्याय म्हणून एमसीटी नावाचं तेल असतं, त्याचे रेणू आखूड असल्यामुळे ते लसीकेला वळसा घालून थेट यकृताकडच्या रक्तात जातं. एका काकांनी इंटरनेटवर वाचून खोबरेल तेलाचा पाच लिटरचा डबा पाठवला. काका, मनापासून आभार. पण खोबरेल तेलात साधारण अर्धा भाग लॉरिक आम्लाचा, आणि ते बरंचसं लांब चरबीसारखंच वागतं. तेव्हा तो डबा आमच्या डोक्यांना पुरेल. खरं एमसीटी तेल महाग, आणि तळणाला चालत नाही. नागपूरच्या पोराला तर्री पोहे आणि सावजी बंद म्हणजे काय शिक्षा आहे ते ज्याचं त्यालाच ठाऊक. मीठही कमी, म्हणजे पापड-लोणचंही गेलं. तो कुरकुर करत नाही, हेच मला जास्त लागतं.

याच्या पलीकडे काय? अलीकडे लसीकेच्या नळ्यांचा नकाशा काढून, गळणारी वाट शोधून ती आतून बुजवण्याचं तंत्र आलं आहे. फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी 2017 साली मोजक्या रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. आशा आहे, घाई नाही. आणि शेवटचा मार्ग हृदयरोपण. ते यशस्वी झालं तर बहुतेकांची गळती थांबते, कारण दाबच उरत नाही. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपण केलं तेही 1968 सालीच, फोंतांच्या ऑपरेशनच्या दोन महिने आधी. तो रुग्ण काही तासच जगला. कायदा आल्यावर 1994 साली दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून भारतातलं पहिलं यशस्वी रोपण झालं. आज नागपुरातून दान केलेली हृदयं विमानाने दुसऱ्या शहरांत गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. मी त्या पूर्वी वरवर वाचायचो.

आकडे पाहायचे तर मेयो क्लिनिकचे बघा. (आपला मेयो नव्हे हो! आपला व्हाइसरॉयच्या नावाचा. हा अमेरिकेतला.) 1996 च्या त्यांच्या अहवालात ही गळती सुरू झालेल्या फोंतां रुग्णांपैकी पाच वर्षांनी निम्म्याहून कमी जिवंत होते. 2014 च्या अहवालात तोच आकडा 88 टक्के. मधल्या काळात कुठलंही एक जादूचं औषध निघालेलं नाही. लवकर ओळखणं, दाबाचं कारण शोधणं आणि रुग्णाला सोडून न देणं, माझ्या समजुतीप्रमाणे फरक बराचसा यातून पडला. हे आकडे मी बहिणीला दाखवले तेव्हा 1996 चा झाकून दाखवला.

आणि इथेच आपलं गाडं अडतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आला, त्यात जन्मजात हृदयरोगाच्या मुलांची ऑपरेशनं होतात. राज्याची जनआरोग्य योजना आहे. शेकडो किलोमीटरवरून, गडचिरोली-यवतमाळहून मुलं येतात आणि वाचतात. याचं मोल मी कमी करत नाही, एकेकाळी ही मुलं शाळेतही पोचत नसत. पण योजनेचं पॅकेज मुख्यतः ऑपरेशनचं आणि भरतीचं असतं. दहा वर्षांनंतरचं अल्ब्युमिन, शौचाची तपासणी, एमसीटीचा डबा, रोजच्या गोळ्या, यांना पॅकेज म्हणायची आपली पद्धत नाही. कालव्याच्या उद्घाटनाला मंत्री येतात, गाळ काढायला निधी नसतो, हे मी तीस वर्षं पाहिलंय. ऑपरेशनच्या दिवशीच आईबापाच्या हातात कागद पडायला हवा, की हे मूल आयुष्यभर तपासायचं आहे, सूज यायच्या आधी अल्ब्युमिन बघायचं आहे. ती रक्ततपासणी तालुक्याच्या गावातही होते.

एक अडचण आणखी जवळ आली आहे. अजून तो मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे जातो. अठरा झाल्यावर कुणाकडे? मोठ्यांचे हृदयवाले डॉक्टर अँजिओप्लास्टीत तरबेज, पण एका पंपाचा तरुण माणूस त्यांच्यातल्या किती जणांनी पाहिला असेल? आणि पोटाचे डॉक्टर म्हणतात हृदयवाल्यांना विचारा. म्हणून आम्ही त्याच्या फाईलचं पहिलं पान त्यालाच लिहायला लावलंय. ऑपरेशन कोणतं, कधी, स्टेंट कुठे. अल्ब्युमिन दर तीन महिन्यांनी. ताप किंवा जुलाब झाले की वाट न बघता दाखवायचं, कारण साध्या सर्दी-खोकल्यानंतरही गळती उसळते. सलाइन लावण्याआधी डॉक्टरांना हे पान वाचायला द्यायचं. त्याने खाली स्वतःच्या मनाने एक ओळ वाढवली आहे: ‘मी व्यवस्थित जेवतो. आईला विचारू नका.’